इंग्रजीतून गेलेला ‘तू’

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं मला ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली. तिला वारज्यात मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहायचं होतं. कोथरूडमध्ये स्वतःचं घर असताना कशाला ही थेरं, असं मी म्हणाले. झालं! “तुम्ही म्हणाल ते खरं,” एवढंच बोलली आणि सामान घेऊन गेली. फोनवरही तेच. “तुम्ही जेवलात का?” भांडली असती तर परवडलं असतं. बोलायला लागल्यापासून ‘अगं आई’ म्हणणारी पोर ती. घरात माझा पाय ठरेना. गॅस चालू ठेवून उगाच गॅलरीत जायचं, फोन बघायचा, परत यायचं.

त्यात मी शिकवणीत इंग्रजी शिकवते. नेमकी एक जुन्या वळणाची कविता आली, ‘दाऊ’, ‘दी’ आणि ‘दाय’नं भरलेली. अर्थ विचारला तर अख्खा वर्ग म्हणाला, “आपण, आपल्याला, आपलं.” इंग्रजी प्रार्थनेत देवाला दाऊ म्हणतात, म्हणजे आदरार्थीच असणार!

“अरे, तुम्ही आरतीत देवाला अहो-जाहो करता का?” मी म्हटलं. “दाऊ म्हणजे तू. दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझं. आदराचा तो यू.”

“मग आता त्यांचा तू कुठे गेला?” एकीनं विचारलं.

“सगळे सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला लागले. तू वापरातूनच गेला.” सांगताना माझा आवाज चिरकला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला तर त्या इंग्रजांचा रागच आला. आईसाठी निराळा शब्द ठेवायचं यांना सुचू नये?

रविवारी मी गवार निवडत बसले होते, तेव्हा लेक राहिलेली पुस्तकं न्यायला आली. “तुम्ही उठू नका, मी घेते,” म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. “अहो, बसा ना बाईसाहेब. आपण चहा घेणार की सरबत? आपल्याला साखर किती लागते, विसरलेच मी.”

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, “आई, तू मला अहो नको ना म्हणूस.”

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मान वर न करता मी विचारलं, “काय म्हणालीस?”