शनिवारी बंद पडलेला पंप

"मासे नाय पाळायचे, पाणी पाळायचं," काका म्हणायचे आणि बोलता बोलता हाताचं कोपर टाकीत बुडवून पाणी किती गार आहे ते बघायचे. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. त्यांच्या घरी आलेल्याला चहा मिळायचा, पण आधी टाकीसमोर उभं राहून माशांची चौकशी करावी लागायची.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलं की आमची इमारत. ते पहिल्या मजल्यावर, मी त्यांच्या वर. पेणला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते बंद करून घरी बसले होते. घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. नातलग एकेक करून इस्राएलला गेलेले, मुलगीही तिकडेच संसाराला लागलेली. बायकोची कबर मात्र इथे. मुलगी फोनवर दर वेळी "आता या" म्हणायची आणि काका दर वेळी विचारायचे, "माशांना कोण बघणार?" फोन ठेवल्यावर ते टाकीची काच पुसायला घ्यायचे. एकटं राहायला निमित्त शोधणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांचं निमित्त काचेमागे फिरत होतं. काही गोल्डफिश, आणि बायकोने हौसेने आणलेली केशरी-पांढरी कोई, हातभर वाढणारी जपानी मासळी. टाकी तिला लहान पडायला लागली होती, हे काकांना आमच्याआधी कळलं होतं.

तळमजल्यावर पेणजवळच्या जोह्याची एक मुलगी लग्न होऊन आली. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून दुपारची ती काकांकडे मासे बघत बसायची. एकदा माहेराहून परतताना तिने पेणच्या बाजारातून एक काळा गोल्डफिश आणला. काका घरात नव्हते, दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. त्यांना आनंद होईल म्हणून तिने तो थेट टाकीत सोडला. नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा असतो, हे तिला कोण सांगणार? काका आले. काळ्याकडे बघत जरा वेळ उभे राहिले. "छान हाय," म्हणाले. ती घरी गेल्यावर त्यांनी तो जाळीने उचलून बादलीत ठेवला. पण उशीर झाला होता.

आठवडाभरात मासे तळाच्या खड्यांवर अंग घासायला लागले. मग कोईच्या पंखांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. काकांचं जेवण सुटलं. ते रोज थोडं पाणी बदलायचे, तेही नळाचं थेट नाही. ड्रममध्ये उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. मी पेणला नोकरीला जायचो, म्हणून मला त्यांनी धरमतरच्या बाजूच्या मिठागरातलं खडेमीठ आणायला सांगितलं. पुडीतलं आयोडीनचं त्यांना नको होतं. मीठ विरघळवून थोडं थोडं सोडायचं, पाणी जरा कोमट राखायचं आणि पंपाने हवा सतत चालू ठेवायची, असा उपचार होता. कोमट पाण्यात हवा कमी राहते आणि या रोगात मासे ज्यांनी श्वास घेतात ते कल्लेही धरतात. पंप थांबला तर मासे गुदमरतील, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आणि शनिवारी सकाळी तारेवर झाड पडलं. सगळ्या अष्टमीची वीज गेली.

मी खाली उतरलो तेव्हा काका स्टुलावर बसून लोट्याने टाकीतलं पाणी उचलत होते आणि उंचावरून परत टाकीत ओतत होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मासे तोंडं वर काढून पृष्ठभागाला चिकटलेले. कोई एका कुशीवर कलली होती. काकांचा सदरा कोपरापर्यंत भिजला होता. मी लोटा मागितला, त्यांनी दिला. थोड्या वेळाने तळमजल्यावरची मुलगी आली आणि आम्ही पाळीपाळीने ओतत राहिलो. कोई मेली तर काकांना इथे ठेवणारं काय उरेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. बहुधा त्यांच्याही.

दुपारी ती मुलगी ओतता ओतता रडायला लागली. माझ्यामुळे झालं, म्हणाली.

काकांनी तिच्याकडे मान वळवली. "आजार माशानं आणला गो. तू मासा आणलास, माझ्यासाठी."

ऊन उतरलं तेव्हा वीज आली. पंप नुसताच घुरघुरला. बटण बंद करून परत दाबल्याशिवाय तो कधीच सुरू होत नसे. काकांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. शब्बाथ, त्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपायला अजून वेळ होता. त्या दिवशी ते विजेच्या बटणाला हात लावत नसत, आणि आपलं काम दुसऱ्याला सांगतही नसत. बायको गेली त्या वर्षीही त्यांनी हा नियम मोडला नव्हता. कोई तळाकडे चालली होती. काकांची बोटं हळूहळू मिटली. ते खिडकीकडे वळले.

मुलीने पुढे होऊन बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पाण्यात बुडबुडे उठले. काका खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

काळा मेला, एक गोल्डफिशही गेला. कोईला सावरायला बरेच दिवस लागले. एका सकाळी तिने काकांच्या बोटांतून दाणा घेतला आणि त्यांनी हाक मारून मला खाली बोलावलं. अंगावर एकही ठिपका नव्हता.

त्याच आठवड्यात इस्राएलहून मुलीचा फोन आला, तेव्हा काका म्हणाले, येतो. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मासे वाचले होते, मग आता का, असं मी नंतर विचारलं.

"आजारी टाकून जाता येत नव्हतं," ते म्हणाले. "आता बरे हायत. आणि ही खालची पोर हाय."

टाकी आणि गोल्डफिश त्यांनी तळमजल्यावरच्या मुलीला दिले. कोई तिच्या माहेरी जोह्याला, अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडली. काका स्वतः सोबत गेले होते. परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले की तिला वळायला आता जागा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच कबरस्तानात जाऊन आले. 

जायच्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना रोहा स्टँडवर सोडायला गेलो. त्यांना खिडकीची जागा मिळाली होती, म्हणून आम्ही खिडकीखाली जाऊन उभे राहिलो. गाडी सुटता सुटता एक बाई तान्हं मूल घेऊन धावत चढली आणि काकांनी उठून तिला आपली जागा दिली. त्यामुळे शेवटी त्यांचा चेहरा काही दिसला नाही. गर्दीत वरच्या दांडीला धरलेला त्यांचा हात तेवढा दिसत राहिला, गाडी वळेपर्यंत.