तंटामुक्तीच्या अध्यक्षांची झोप

पारनेरजवळच्या एका गावात छगनराव तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. आवाज इतका बारीक, की ते काय म्हणतात हे ऐकायला भांडणारे गप्प बसत आणि तंटा तिथंच मिटे. घरात विंचू निघाला, तर त्याला सुपात घालून बांधावर सोडणारा माणूस.

त्यांची बायको छबूबाई एका सकाळी काळानिळा डोळा घेऊन नळावर आली. पुढच्या आठवड्यात ओठ फाटला. मग मनगट सुजलं.

"झोपेत मारत्यात," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. नवऱ्याला झाकायला कुणी दार लागलं म्हणे, कुणी गाय. झोप मात्र नवीन होती.

बेलापूरहून तिचा भाऊ करण काठी घेऊनच आला. बहिणीची पिशवी त्यानंच भरली. "चल, अक्का. आधी दाजींना बघतो."

छगनरावांनी पाठ पुढं केली. "मार. मला आठवत न्हाई, पर डोळा तर दिसतोय."

छबूबाईनं काठी धरली. "आज तू झोप यांच्याजवळ. मंग ठरव."

पहाटे छगनरावांच्या स्वप्नात बिबट्या शेळीवर पडला. डोळे मिटलेलेच, पण आवाज असा, की गोठ्यातली जनावरं उठली. "सोड तिला." ते करणच्या छातीवर चढले, गळा आवळला आणि तोंडावर गुद्दे घातले. दात उशीवर पडला, रक्त गोधडीवर. मग जाग आली तसं छगनरावांनी बारीक आवाजात विचारलं, "पाव्हनं, काय लागलं?"

पारनेरच्या दाताच्या डॉक्टरांनी करणला विचारलं, "कुणी मारलं?"

"दाजींनी. झोपल्याले हुते."

डॉक्टर हसले नाहीत. "दात मी बघतो. त्यांना नगरला न्यूरॉलॉजिस्टकडं न्या, मेंदूच्या डॉक्टरकडं. उशीर नको."

नगरच्या डॉक्टरबाईंनी छबूबाईला विचारलं, यांना वास येतो का? हात थरथरतो? तिला आठवलं, गेलं वर्षभर दूध करपलं तरी यांना पत्ता लागत नव्हता.

"स्वप्न पडताना मेंदू आपलं अंग बांधून ठेवतो. यांचा दोर सुटलाय. हा राग नाही, आजार आहे. झोपेची तपासणी करू, गोळी देते. खाटा वेगळ्या, जवळ काठी-विळा नको. पुढं कंपवात होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

घरी येऊन छबूबाईनं पिशवी रिकामी केली. खाट तेवढी लांब सरकवली.

महिन्याभरानं सकाळी तिनं विचारलं, "आज कोन आल्तं?"

"बिबट्याच."

"मारला?"

"न्हाई. समजूत घातली. गेला."