सुट्या शाईचा फोटो

घरी फोटो छापायचं मशीन आणलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "या गावात फोटो लागतो कुणाला?" त्यांचा अंदाज साफ चुकला. आमच्या युसूफ वडगाव गावात फोटो सगळ्यांनाच लागतात. फॉर्मला लागतात, सोयरिकीला लागतात, भिंतीवर हार घालायला लागतात. बायका मोबाईल पुढे धरतात आणि हळूच म्हणतात, "जरा गोरी करा." मी करते. चार वर्षांत निम्मं गाव मी गोरं केलंय, त्याचं पुण्य मिळेल तेव्हा मिळेल.

मशीनचे नखरे मात्र फार. इंकजेट प्रिंटर चालता ठेवावा लागतो. दिवाळी झाली की आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात, आणि मला काम राहत नाही. पहिल्या वर्षी मी मशीन झाकून ठेवलं आणि शिमग्याला उघडलं, तर शाई आतल्या आत वाळून गेलेली. कोमट पाणी, सिरिंज, मऊ फडकं घेऊन तीन दिवस त्याच्यापुढे बसले होते. तेव्हापासून काम असो नसो, दर सोमवारी एक रंगीत पान काढतेच.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. कार्यकर्त्यांना त्याचे ढीगभर फोटो हवे होते. "भाऊंचा चेहरा चमकला पाहिजे," म्हणाले. चमकवला. कंपनीच्या शाईच्या बाटल्या त्या एका चेहऱ्यावर रिकाम्या झाल्या आणि जाड कागदाचं पाकीटही संपलं. मग मी परळीहून सुटी शाई आणली, बिनलेबलाच्या बाटल्यांतली, आणि सोबत पातळ चकचकीत कागद. दिसायला काही फरक नसतो. पाण्याचा थेंब पडला की मात्र रंग पळतो, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्याच ओल्या बोटानं एका नवरदेवाची मिशी गालावर गेली होती.

दिवाळीनंतर एका सकाळी गल्लीतली एक बाई धावत आली. तिची नऊ वर्षांची लेक श्रावणात तापानं गेली होती. ऊसतोडीला नेणारा मुकादमाचा ट्रक पाराजवळ उभा राहून हॉर्नवर हॉर्न देत होता. तिच्या मोबाईलमध्ये पोरीचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, पिवळ्या फ्रॉकमधला. आधार कार्डावरही होती म्हणा, पण ती अंगावर पिणारी असतानाची, ओळखू न येणारी.

"संगं न्यायचाय, वैनी. तिला एकटीला घरात कशी ठिवू?"

मी फोटो माझ्या मोबाईलवर घेतला आणि छापून दिला. लॅमिनेशनचं यंत्र कपाटात होतं. ते तापायला पाच मिनिटं लागतात, पण हॉर्न वाजत होता आणि माझा चहा गार होत होता. मी फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

"टिकंल का ओ?"

"न टिकायला काय झालं?" मी म्हणाले.

गुढीपाडव्यानंतर ट्रक परतले. ती आली, पिशवी उघडली आणि कागद माझ्या हातात दिला. खाली पिवळ्या फ्रॉकची कड शिल्लक होती. वर, तोंडाच्या जागी, तपकिरी डाग होता.

"काय केलंस गं हे?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, त्याची लाज मला आजही वाटते.

"तोंड पुसायचे वैनी, रोज सकाळी. पाचटाच्या कोपीत चुलीचा धूर लई. लेकराचं तोंड काळं कसं ठिवायचं? ओल्या फडक्यानं पुसायचे. फडक्याला रंग लागायचा, मला वाटलं धूरच निघालाय." मग ती म्हणाली, "मोबाईल तर तिकडंच पाटाच्या पाण्यात गेला. तुमच्या मशीनमदी असंल की ती. दुसरी काढून द्या."

मशीन काही ठेवत नाही. माझ्या मोबाईलमध्ये होता तो फोटो मी संक्रांतीला पुसला होता, तिळगुळाचे मेसेज मावेनात म्हणून. तरी तिच्यासमोर सगळं धुंडाळलं. पुढाऱ्याचा चेहरा चार ठिकाणी सापडला. पोर कुठेच नव्हती.

"न्हाई गं," मी म्हणाले. मग शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढून म्हणाले, "असल्या फोटोला पाणी लावायचं नसतं."

तिनं कागदाकडे पाहिलं. "तुमी सांगितलं असंल. गडबडीत माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी सांगितलं नव्हतं. सुट्या शाईचं तर नव्हतंच नव्हतं. ती जरा वेळ थांबली. मी काही बोलावं म्हणून नसेल थांबली, पण बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी टेबलावरची पानं सारखी करत राहिले.

"माज्याच हातानं पुसलं मी तिला," ती म्हणाली आणि कागदाची घडी न करता, दोन्ही हातांवर आडवा धरून, पायरी उतरली.

मी तिला तसंच जाऊ दिलं. ती गल्लीत भेटते, वैनी म्हणून हाक मारते, आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.