दादाचा उजेड आणि माझी गोष्ट

यशवंतदादा गेल्याचा फोन सकाळी आला आणि स्टँडवर जी पहिली बस सुटताना दिसली तिच्यात मी चढलो. खिडकीशी बसून त्याच्या आठवणी काढल्या, दोनदा डोळेही पुसले. वैनगंगेचा पूल मागे पडला तरी माझ्या लक्षात काही आलं नाही. बालाघाटहून किरनापूरला जाताना वैनगंगा लागत नाही, हे बालाघाटातच पन्नाशी गाठलेल्या माणसाला कंडक्टरने सांगावं लागलं. "चाचा, ये तो लालबर्रा जा रही है," तो म्हणाला आणि अख्खी बस मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. उतरलो, परतीची बस धरली, मग किरनापूरची... पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते. माझ्या थोरल्या काकांचा हा मुलगा, ज्याने मला सायकल शिकवली, त्याचं शेवटचं दर्शन माझ्या वेंधळेपणाने हुकलं.

ही चूक भरून काढायची म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी दादावर मीच बोलणार. तसंही आमच्या कुटुंबात बोलायचं काम माझंच. लग्न असो की बारसं, जेवणं आटोपली की कोणीतरी सतरंजी ओढतं आणि म्हणतं, आता काकाची गोष्ट होऊ द्या. काका आढेवेढे घेतो, ते फक्त दाखवायला.

दादा मात्र कमी बोलायचा. किरनापूरच्या शाळेतून निघून तो शिकत शिकत दूर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पोचला आणि नोकरीची सगळी वर्षं लेसरच्या मागे घालवून निवृत्तीनंतर पुन्हा किरनापूरला येऊन राहिला. केसासारख्या काचेच्या तारेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून आपलं बोलणं, फोटो, सगळं जातं, एवढं मलाही माहीत होतं. पण एकाच तारेतून अनेक रंगांचे उजेड एकदम जातात, प्रत्येकाची वाट ठरलेली असते आणि लेसर जरा तापला तरी त्याचा रंग किंचित सरकून शेजारच्याच्या वाटेत घुसतो, हे त्याने एकदा मला लग्नाच्या पंगतीत बसून समजावलं होतं. "आपल्या घरी चार आत्या एकदम बोलतात ना, तसं होते मग," तो म्हणाला होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अशी युक्ती काढली होती, की लेसरने आपलाच थोडासा उजेड एका काचेतून नेऊन तपासायचा आणि सरकलाय असं दिसलं की स्वतःला गरम-थंड करून पुन्हा जागेवर यायचं. त्या शोधाच्या पेटंटवर दादाचं नाव होतं. मी हौ-हौ करत होतो आणि माझा डोळा वाढप्याच्या बादलीवर होता.

आता ती गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मुलगा परदेशात, तो व्हिडिओवर बोलणार होता. दादा-वहिनींना मी मुद्दाम बोलावलं होतं, घरात एक शास्त्रज्ञ दिसावा म्हणून. सकाळी मी घर आवरलं. नेटची पातळ तार भिंतीवर लोंबत होती, ती मी एका खिळ्याला आवळून गुंडाळली आणि वरून प्लास्टिकची पट्टी करकचून बांधली. पाहुण्यांना ती दाखवूनही झाली. वायरिंग मी स्वतः केलं, इंजिनिअर कशाला पाहिजे, असं म्हणालो. आणि ऐन वेळेला नेटच्या डब्यावर लाल दिवा. मुलाचे फोनवर फोन. दादा उठला, स्टूलवर चढला, भिंतीपाशी बराच वेळ काहीतरी करत राहिला. तो खाली उतरला आणि दिवा हिरवा झाला. काय होतं, असं पाहुण्यांनी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, आपोआप आलं."

मला तेवढंच पुरलं. दादाचा हात लागलेला होता तोवर लाइन येत नव्हती आणि हात काढला तशी आली, हे मी तिथेच सांगितलं. पाहुणे हसले, लग्न जमलं आणि मला माझी सर्वांत चालणारी गोष्ट मिळाली. जगाचे लेसर जागेवर ठेवणारा माणूस, पण भावाच्या घरचं नेट त्याला घाबरून येईना! प्रत्येक लग्नात मी ती वाढवत नेली. स्टूल डगमगायला लागलं, दादाचा चष्मा पडायला लागला. दादा समोर बसून हसायचा. तो हसतोय म्हणजे त्याला आवडतंय, असं मी धरून चाललो...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, दोघे-तिघे बोलले, मग मी उभा राहिलो. दोन वाक्यं गंभीर बोललो आणि सवयीने जीभ त्या गोष्टीकडे वळली. मांडव हसला. दादाची मुलगी सुजाता पहिल्या रांगेत होती. तीही हसली, मग उठून आत गेली. मला वाटलं, भरून आलं असेल.

जेवणाआधी वहिनींनी मला बाजूला बोलावलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"भाऊजी, त्या दिवशी तार तुम्हीच खिळ्याले आवळली होती ना? एवढी मुडपली का उजेड तारेतून बाहेर सांडते म्हणे. यांनी ते वेढे सैल केले, तेव्हा लाइन आली."

"मग दादानं सांगितलं काहून नाही?"

"पाहुण्यांसमोर तुमची फजिती झाली असती. मलेही बोलू दिलं नाही." मग म्हणाल्या, "पण पोरगी आत रडून राह्यली. म्हणते, बाबाले लोक एवढ्यासाठीच ओळखतील का?"

मांडव अजून भरलेला होता. माईक चालू होता, कोणीतरी जेवणाची सूचना देत होतं. चार पावलं गेलो असतो तर तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी गेलो नाही. मी ताट घेतलं आणि रांगेत उभा राहिलो. भात घेतला, वरण घेतलं, वर लिंबाची फोडही मागून घेतली. सुजाता बाहेर आली तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने पाठ केली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणेल, तुम्हाला काय माहीत होतं, अशी आशा होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "स्टूल मीच तर धरलं होतं. तुम्हाले सांगणार होती, तर दादा म्हणाले, राहू दे, त्याले ते सांगतानी लय मजा येते."

तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"आता सगळ्यांत बसून खरी गोष्ट सांगा, सुजाता असताना. लोक हसतीलच. या वेळी तुमच्यावर हसतील, तर हसू द्या."