शुक्रवारचं कांगारू

कोल्हापूरचा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही गेला तरी आठवड्यातून एकदा मटण खाणारच. आमच्याकडे तो मान रविवारचा. पण दुबईत तेव्हा रविवारी ऑफिस आणि सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे मटणही शुक्रवारवर गेलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "देवीच्या वारी मटण शिजवतेस?" मी म्हटलं, "आई, देवीला इथली सुट्टी कळवलीय मी." त्यानंतर दोन आठवडे त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. जिभेला हाड नसलेली सून मिळाली, हे त्यांचं दुखणं जुनंच होतं.

आमचे हे जबल अलीला एका कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होते. कंपनी हॉटेलांना मांस पुरवायची. आठवडाभर गोठलेल्या मांसात वावरून हा माणूस शुक्रवारी सकाळी पुन्हा पिशवी घेऊन मटणालाच जायचा, आणि दुपारी तांबड्या रश्श्यावरचा तवंग बघून त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की मला माझं चार किलोनं वाढलेलं वजनही माफ वाटायचं.

मग कंपनीच्या मेडिकलचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल इतकं वाढलेलं की डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी विचारलं, "वडील कशाने गेले?" सासरे, ह्यांचे आबा, हृदयविकाराने गेले होते, चव्वेचाळिसाव्या वर्षी, शेतावरून येताना. ह्यांना तेव्हा बेचाळीस चालू होतं. मटण बंद, गोळ्या सुरू, रोज चालणं. मी हिशोब केला आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

मटण बंद झाल्यावर शुक्रवार सुतकासारखा जायला लागला. हे कोंबडीचा रस्सा गुपचूप खायचे आणि पंखा बघत पडायचे. त्यांच्या ऑस्ट्रेलियन मॅनेजरला हे कळलं. त्याने सॅम्पल म्हणून आलेल्या खोक्यातली चार पाकिटं ह्यांच्या हातात दिली. कांगारू! माळरानावर उड्या मारणारं जनावर, अंगाला मेद चिकटणार कुठून? चरबी जवळजवळ नाहीच, लोह आणि प्रोटीन भरपूर, असं त्याने समजावलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "मटणापेक्षा नक्कीच बरं. पण तेल कमी, आणि आठवड्यातून एकदाच."

मला एवढंच हवं होतं. पहिल्या शुक्रवारी मी ते मटणासारखंच केलं. आलं-लसूण लावलं, कांदा-खोबरं वाटलं, घरचा कांदा-लसूण मसाला घातला आणि कुकरच्या सहा शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर तुकडे आक्रसून सुपारीएवढे झालेले. वातड असं की जबडे दुखले. आमची सात वर्षांची लेक तुकडा तोंडातून काढून म्हणाली, "मम्मी, इट्स लाइक इरेझर."

मॅनेजर हे ऐकून पोट धरून हसला म्हणे. त्याने चिठ्ठीवर कृती लिहून दिली: तवा धूर येईपर्यंत तापवा, मोठा तुकडा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजा, आत लाल राहिलंच पाहिजे. दुसऱ्या शुक्रवारी मी तसं केलं. सुरी लावली आणि ताटात लाल ओघळ आला. ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "आपण मेलोय हे अजून ह्याला कळलेलं नाही." आम्ही दोघीही हसलो. ते मात्र हसले नाहीत. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून उठून गेले.

तासाभराने आले. लेक झोपली होती. मी त्यांचा हात धरला आणि वास घेतला. साबण लावला होता, पण मटणाचा वास नखांत बसतो, तो काही साबणाने जात नाही.

"मला तुम्हाला पेटीतून कोल्हापूरला न्यायचं नाहीये," मी म्हणाले.

असं बोलायचं नसतं. पण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. त्यांच्याच कंपनीतला एक फोर्कलिफ्टवाला वर्षभरापूर्वी तसाच परत गेला होता. त्याचे कागद ह्यांनीच केले होते. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "आबा ताटातली नळी मला द्यायचे. स्वतः कधी खाल्ली नाही. मटण समोर आलं की मला ते आठवतात गं. दुसरं काही आठवत नाही."

एवढी वर्षं मी ती नुसती खादाडी समजत होते. मला माझीच लाज वाटली.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक भाभी राहायच्या. हलाल असल्याची खात्री नाही म्हणून कांगारू त्यांनी खाल्लं नसतं, पण मांसाची त्यांची नजर पक्की. मी पाकीट दाखवलं. न शिवताच त्या म्हणाल्या, "ह्यात चरबी नाय गो बाय, शिट्ट्या घेतल्यास तर वातड होनारच. रेषांना आडवा काप, पातल काप, नि रस्सा पुरता शिजल्यावर शेवटाला टाक. उकली आली की खलास, गॅस बंद."

तिसऱ्या शुक्रवारी, ज्यांनी आयुष्यात कांदा चिरला नव्हता, ते हे ओट्याशी उभे राहून मांस कापत होते. एक एक काप उजेडात धरून रेषा तपासायचे. त्यावर चमचाभर तेल आणि आलं-लसूण चोळून ठेवलं. रस्सा आधी खळखळून शिजवला, काप टाकले, उकळी येताच गॅस बंद करून झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी बघितलं तर मऊ, आणि आत लाल नाही. वर तवंग नव्हता, तेवढं वैगुण्य राहिलंच.

ह्यांनी भाकरी मोडली, घास घेतला. मी त्यांच्या जबड्याकडे बघत बसले.

"मटणाची सर नाही," ते म्हणाले. मग वाटी पुढे केली. "पण वाढ."

पुढे तीन-चार वर्षं ती पाकिटं येत राहिली. कधी खिमा केला, कधी काळी मिरी लावून सुकं. रिपोर्टातला आकडा हळूहळू खाली आला. डॉक्टर म्हणाले, श्रेय गोळ्यांचं आणि चालण्याचं. असेल. मी वाद घातला नाही, आणि हे माझ्या बाबतीत नवल आहे.

एका शुक्रवारी ह्यांचा वाढदिवस आला. पंचेचाळीस पूर्ण. लेकीने केक आणला होता, मी रस्सा केला होता. जेवता जेवता ते मध्येच थांबले.

"आबांनी हे वय बघितलंच नाही," ते म्हणाले. "पुढचं कसं असतं, ते आता मीच त्यांना सांगायचं."

मी रस्सा आणायला म्हणून उठले, कारण मला रडताना बघितलं की त्यांचं जेवण राहतं.