गाण्यातली पेरू खाणारी बाई

नव्या अल्बममधलं चौथं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि माझी नणंद स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा तिच्या. सासूबाईंना रॅपचा गोंगाट सहन होत नाही, म्हणून आम्ही गाणी अशी वाटून घेऊन ऐकायचो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमची गट्टी जमली तीच या वायरीवरून.

गाणारा पोरगा दौलताबादचा. किल्ल्याखालच्या गावात वाढलेला, निम्मं मराठी आणि निम्मं दखनी उर्दू बोलणारा, म्हणजे आमच्या शहरात रिक्षात बसलं की कानावर पडतं तसं. पहिला अल्बम त्यानं म्हणे डोक्यावर पांघरूण घेऊन मोबाइलवरच रेकॉर्ड केला होता. त्यात शिव्या भरपूर, राग त्याहून भरपूर, आणि एका गाण्यात मधेच शेजारचं कुत्रं भुंकतं. त्यातल्याच एका गाण्यात त्याची आई किल्ल्यासमोर पेरू विकते. ते गाणं ऐकूनच मी दौलताबादला जायला लागले.

म्हणजे कसं, तर महिन्यातून एखाद्या रविवारी घरी सांगायचं की शाळेत मीटिंग आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे त्यात खोटं वाटण्यासारखं काही नाही. मग तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटी काढायची आणि छावणी, पडेगाव करत थेट किल्ला गाठायचा. चढायचा मात्र नाही. खाली हातगाड्यांच्या ओळीतल्या कुणाही बाईकडून तिखटमीठ लावलेला पेरू घ्यायचा, तटाच्या सावलीत बसून खायचा आणि परत यायचं. यात लपवायचं काय, असं कुणीही विचारेल. पण मी खरं सांगितलं असतं तर नवरा लगेच म्हणाला असता, चला, सगळेच जाऊ. मग डबे आले, चटई आली, पोरांची भांडणं आली, आणि माझा पेरू राहिला बाजूला.

आमच्या घरात मीटिंग या शब्दाला फार मान आहे. सासूबाईंची स्वतःची गुरुवारी बचत गटाची मीटिंग असते. ती चुकायची वेळ आली की त्या घर डोक्यावर घेतात. त्यामुळे माझ्या मीटिंगलाही कुणी फाटे फोडत नव्हतं. खरं काय ते फक्त नणंदेला माहीत होतं, आणि कुणी विचारलंच तर "व्हय, वहिनीची मीटिंग हाय आज," अशी साक्ष तीच द्यायची.

आणि आता या चौथ्या गाण्यात एक बाई होती. घरी मीटिंग सांगून येते, किल्ल्याच्या तटाखाली एकटीच बसते, पेरू खाते. फोन वाजतो तर भरल्या तोंडानं म्हणते, मीटिंगीत आहे, मग करते. आणि फोन ठेवून एकटीच हसते.

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. नणंद मान डोलवत होती.

"कसलं भारी लिहिलंय ना वहिनी?"

"भारी काय त्यात? जुन्याची सर नाय याला," मी म्हणाले.

तिथून आमचा वाद सुरू झाला, तो कित्येक दिवस चालला. तिचं म्हणणं, जुन्या अल्बममध्ये नुसतं मी, मी आणि मी. माझं दुःख, माझा राग, माझी गल्ली. आता कुठं त्याला दुसरी माणसं दिसायला लागली. माझं म्हणणं, जुन्यात जे होतं ते निदान त्याचं स्वतःचं होतं. आता पुण्याच्या स्टुडिओत बसून, मागं बासरी वाजवून, हा लोकांच्या घरातलं उचलून गातो. दुसऱ्याचं गुपित गाण्यात घालणं म्हणजे चोरीच. चोरी या शब्दावर मी जरा जोर दिला आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती निवांत शेंगा सोलत होती.

तिचं ते निवांतपणच मला खुपलं. एकदा मनात पाल चुकचुकली की सगळीकडं पुरावे दिसायला लागतात. हिनंच मागं त्या पोराला इन्स्टावर मेसेज केला होता आणि त्यानं बदाम पाठवला होता. त्या बदामाचा फोटो हिनं चार जणींना दाखवला होता. कॉलेजच्या मैदानावर त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा हीच गर्दीत घुसून त्याच्याशी बोलून आली होती. काय बोलली, ते विचारल्यावर नुसतं "असंच" म्हणाली होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या "असंच"मध्ये माझी अख्खी मीटिंग मावत होती.

मी आडून आडून विचारायला लागले. एवढं बारीक त्याला कसं सुचलं असेल गं? कुणीतरी सांगितल्याशिवाय फोनचं कसं कळेल? ती म्हणायची, "अगं, कलाकार माणूस हाय, सुचतं त्याला." एकदा मात्र वैतागून म्हणाली, "त्या गाण्यातली बाई एसटीनं येती आणि चपला काढून पिशवीत घालती. तू काय चपला पिशवीत घालतीस व्हय? कशाला एवढं मनाला लावून घेतीस?"

यावर दुसरी कुणी गप्प बसली असती. मी मनात म्हटलं, बघा, ओळखू येऊ नये म्हणून स्कूटीची एसटी करायला सांगितली. संशयाचं हे असं असतं, त्याला काहीही खायला घातलं तरी ते पचतं.

मग गंगापूरचा साखरपुडा आला. नवरा गाडी चालवत होता, सासूबाई पुढं, आम्ही दोघी मागं पोरांना घेऊन. नवऱ्यानं गाणी लावली आणि आपोआप एकामागून एक वाजत ते चौथं गाणं आलं. सध्या सगळीकडं तेच वाजतं, त्याचा काय दोष? गाण्यातल्या बाईनं घरी मीटिंग सांगितली. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. बाई तटाखाली बसली. बाईनं पेरूला तोंड लावलं, तेवढ्यात सासूबाई एकदम म्हणाल्या, "बंद कर ते!"

"का गं आई? चांगलं हाय की," नवरा म्हणाला.

"बंद कर म्हणते ना! डोस्कं उठलं माझं."

त्यानं बंद केलं. पुढच्या आरशात सासूबाईंचे डोळे दिसले, ते माझ्याकडं बघत होते आणि मी बघितल्यावर पटकन रस्त्याकडं वळले. म्हणजे यांना कळलं, माझी खात्रीच झाली. शेजारी नणंद खिडकीबाहेर उसाकडं बघत गालात हसत होती. साखरपुड्यात मी काय जेवले, मला आठवत नाही.

घरी आल्यावर वाळलेले कपडे काढायला आम्ही दोघी गच्चीवर गेलो आणि मी तोंडावरच विचारलं, "तूच सांगितलंस ना त्याला? आणि आता आईंनाबी?"

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं हातातली चादर तशीच दोरीवर टाकली. "एवढे दिवस अल्बमवरनं भांडत होतीस ते हे होतं व्हय?" ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी माझ्या सख्ख्या आईशी खोटं बोलते वहिनी. आणि तू माझ्यावर पाळत ठेवतीस. आता तुझ्या मीटिंगा तूच सांभाळ. मला कुणी विचारलं तर मी खरं सांगणार."

ती खाली गेली. त्या दिवसापासून वायरीची दोन्ही टोकं तिच्याच कानात दिसायला लागली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त भीती वाटली. रविवार तर जाणारच होता, आणि त्याबरोबर या घरातली माझी एकुलती मैत्रीणही. तरी संशय जागचा हलत नव्हता. शेवटी ठरवलं, जिथून गाणं निघालं तिथंच जाऊन विचारायचं.

रविवारी मी मीटिंग म्हटलं नाही. नुसतं "बाहेर जाऊन येते" म्हणाले. सासूबाईंनी मान वर केली आणि पुन्हा पेपरात घातली.

दौलताबादला गाड्यांच्या ओळीत चौकशी केली तर त्या पोराची आई कोण, हे सगळ्यांना ठाऊक. कोपऱ्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली. आजवर मी तिच्याकडून कैक वेळा पेरू घेतला होता आणि मला पत्ताही नव्हता. मी तोंडावरची ओढणी सोडली आणि विचारलं, "ते गाणारे तुमचेच चिरंजीव का?"

तिनं सुरी खाली ठेवली. "भांडायला आलात का?"

"नाय, नुसतं विचारते. ते पेरू खाणाऱ्या बाईचं गाणं..."

"तुमच्यावर केलंय, असंच ना?" ती म्हणाली. "गाणं आल्यापास्नं तेच चाललंय. जी येती ती म्हणती माझ्यावर गाणं का केलं. आता बाया फोन आला की माझ्यापास्नं लांब जाऊन बोलत्यात. त्याचं आधीचंच बरं होतं बघा. शिव्या होत्या, पण गिऱ्हाईक तुटत नव्हतं."

मी विचारलं, मग त्याला मीटिंगचं कुणी सांगितलं?

"मीच सांगितलं की! घरी गप्पा मारताना. इथं एकट्या येणाऱ्या निम्म्या बाया मीटिंगच सांगून येत्यात. मला काय सपान पडतं का? फोनवर इथंच उभ्या राहून बोलत्यात. तुम्हीबी बोलल्या हाव." आणि तिनं माझा आवाज काढून दाखवला. अगदी हुबेहूब, तोंड भरलेलं असताना निघतो तसा. आजूबाजूच्या दोघी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हायसंही वाटलं.

"परवाच्या गुरुवारी तर एक म्हातारी आली," ती पुढं म्हणाली. "नेहमीचीच हाय, एसटीनं येती, चपला पिशवीत घालून बसती. गाण्यावरनं एवढी भांडली, एवढी भांडली! मीबी रागारागानं तिला बिनमिठाचाच पेरू दिला. तो खाऊन गेली मुकाट."

मी किलोभर पेरू घेतले आणि वरून एक चिरून तिखटमीठ लावून घेतला. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात फक्त नणंद होती. तिच्यापुढं काय तोंड घेऊन उभी राहू, एवढाच विचार पडेगाव येईपर्यंत चालला होता. पिशवी लपवायची नाही, हे मात्र ठरलं होतं.

घरी नणंद कणीक मळत होती, सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. मी पिशवी सरळ ओट्यावर ठेवली. "दौलताबादहून आणलेत," मी मोठ्यानं म्हणाले आणि नणंदेकडं वळले. "चुकलं माझं. गाणं तुझ्यामुळं झालं नाय. मीच तिथं फोनवर बोलत होते, ते त्याच्या आईनं ऐकलं."

नणंदेनं आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मळता हात थांबला. आता जे होईल ते होईल म्हणून मी चिरलेल्या पेरूचा कागद उघडला आणि सासूबाईंसमोर धरला.

त्यांनी पदराला हात पुसले, एक फोड उचलली आणि चावली. मग दुसरी फोड घेत म्हणाल्या, "तुला बरं मीठ लावून दिलं तिनं. मला गुरुवारी निस्ताच दिला."