वीस वर्षांनंतरचा भाव

रिटायर झालो तेव्हा मी एका खाजगी कारखान्यात स्टोअरकीपर होतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी तेवढी हातात आली. त्यातली अर्धी घराच्या वरच्या स्लॅबमध्ये गेली, उरलेली मी बिटकॉइनमध्ये टाकली. भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यानं समजावलं, अन् मी त्याच्यापेक्षाही जास्त समजलो. माझा स्वभावच तसा. एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की समोरच्याची खैर नाही. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथं भेटेल त्याला मी सांगायचो की हे नाणं जगात मोजकंच निघणार आहे, कोण्या सरकारच्या मनात आलं म्हणून जास्त छापता येत नाही, वीस वर्षांनी याचा भाव पाहा. एकानं विचारलं, "काका, वीस वर्षांनी तुमी किती वर्षांचे असान?" ब्याऐंशीचा. हिशोब मलाही येतो, पण मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

त्याच सुमारास बायकोचे गुडघे गेले. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं एक्स-रे पाहून सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील. पैसा होता तो फोनमध्ये. पुण्याची मुलगी देते म्हणाली, तर तिलाच झापलं. लेकीच्या पैशावर बायकोचं ऑपरेशन करीन, इतका मी गेलेला नव्हतो. बायकोला म्हटलं, थोडं थांब, आता विकणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. ती बरं म्हणाली. भाव पडला तेव्हा म्हटलं, पडत्या भावात कोणी विकते काय. वाढला तेव्हा म्हटलं, आता तर सुरुवात आहे. ती दरवेळी बरं म्हणायची अन् भिंत धरून बाथरूमला जायची. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता या पैशाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन गेला तर ते शब्द त्याच क्रमानं नव्या फोनमध्ये टाकायचे, नाहीतर सगळं बुडालं, अन् कोण्या बँकेत जाऊन भांडताही येत नाही. कागदावर लिहा, फोटो काढू नका, असं भाच्यानं बजावलं होतं. मी जेल पेननं, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये लिहायचो तसे वळणदार अक्षरात लिहून कपाटात ठेवले. दिवाळी आली तसा बायकोनं तो कागद काढून दागिने अन् पासबुकांसोबत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडला. घरातलं धन म्हटल्यावर तिथं मांडायचंच. ओल्या कुंकवाचं बोट, हळदीचं बोट, वर अक्षता. अशा चार दिवाळ्या झाल्या. मी बाजूलाच उभा राहून आरती म्हणत होतो, मला काही सुचलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायला वाकलो अन् खिशातला फोन टाकीत पडला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदारानं हात वर केले. कागद काढून पाहतो तर मधले पाच शब्द लाल-पिवळ्या डागात पसरून गेलेले. भिंग लावलं, उन्हात धरलं, काही उपयोग नाही. भाचा फोनवर म्हणाला, एखादा असता तर शोधला असता मामा, पाच म्हणजे विसराच. मग मी बायकोवर सुटलो. नाही नाही ते बोललो, अडाणी म्हणालो. तिच्याशी असं बोललो याची आजही लाज वाटते.

ती पलंगावर बसून गुडघ्यांना तेल लावून राहिली होती. माझं बोलणं तिनं संपू दिलं. मग म्हणाली, "लिहा." अन् लॅडर, मँगो, ऑर्फन, ब्लँकेट असं करत बाराही शब्द तिनं स्तोत्रासारखे एका दमात म्हटले. पूजा करायची तर देवीपुढे काहीतरी म्हणावं लागते, म्हणून पहिल्या दिवाळीपासून ती कुंकू लावायच्या आधी ते वाचायची. पुढं डाग वाढत गेले, तोवर तिचे पाठ झाले होते.

दुसरा फोन आणून तिच्या क्रमानं शब्द टाकले अन् सगळं जसंच्या तसं परत आलं. वरून भाव चांगलाच चढलेला. मी तर हरखूनच गेलो. तिला म्हटलं, "पाहिलं? चार वर्षं देवीपुढं मागून राहिली होतीस, फळलं न शेवटी."

"मी भाव पडू दे म्हणून मागत होती," ती म्हणाली. "मातीमोल झालं असतं तं तुमचा नाद सुटला असता. मंग पोरीचे पैसे तरी घेतले असते तुमी."

मी तिच्यासमोर बसून सगळं विकलं. किती आले ते तिनं विचारलं नाही, डॉक्टरकडं कधी जायचं एवढंच विचारलं.